माळढोक आणि आबाकाकांची बंदूक

शिकारी माणसाच्या घरात पक्षी कमी आणि किस्से जास्त येतात. आमचे आबाकाका फौजेतून सुभेदार होऊन कवठे महांकाळला परतले, तेव्हापासून आमच्याकडे तर ढीगच साचलाय!

*

माळढोकाच्या शिकारीला बंदी नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पहिल्या हिवाळ्यात काका माळढोकावर सरळ चालून गेले. परेडची पावलं टाकत! कमरेएवढा उंच पक्षी तो. उघड्या माळावर त्याला माणूस फार लांबून दिसतो. उडाला.

"भेकड लेकाचा!" काका म्हणाले.

*

माळढोक माणसाला भितो, बैलगाडीला नाही. म्हणून गाडी त्याच्याभोवती गोल फिरवायची, घेर हळूहळू लहान करायचा आणि त्याच्याकडे रोखून बघायचं नाही. अख्खी सकाळ जाते. काकांना दम निघेना. "वेढा पुरं! हल्ला!" म्हणून त्यांनी गाडीतून उडीच टाकली.

गप्प बसायला शिकण्यात त्यांचे दोन हिवाळे गेले. वडीलधाऱ्यांना वाटतं, अनुभव केसांबरोबर आपोआप पिकतो. मला नाही पटत.

*

सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीला आले की मी बंदूक मागायची. काकांनी नेम शिकवला, मी मडकी फोडली. पण माळावर मी नुसती गाडीत बसायची. पक्ष्याची मान वर असली की हलायचं नाही, टोळ टिपायला खाली गेली की गाडी पुढे, एवढं बघत.

"आता तरी द्या की बंदूक!"

"मडकं तुझ्याकडं बघत न्हाई. माळढोक बघतो."

*

पुढे पक्षी गाडीलाही बुजू लागले. रानात गवत कापणाऱ्या बायकांना मात्र ते भीत नाहीत, हे काकांनी हेरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारी काकूचं लुगडं नेसून हजर! पदराखाली झुपकेदार मिशा!

"आवं काका, बाईच पायजे तर मी हाय की!"

"तू कवा शिकार केलीयास?"

"आन् तुमी कवा लुगडं नेसलंय?"

काका निघाले. लुगड्यातही परेडच! माळढोक उडाला आणि लांब जाऊन उतरला. काका मटकन खाली बसले. मग त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली.

*

बंदूक गवताच्या भाऱ्यात लपवून मी वाकत, कापत, थांबत गेले. त्याने मान उंचावली. मी विळा चालवत राहिले. मान खाली गेली.

एकच बार!

गावाच्या वेशीत माणसं गोळा झाली. "सुभेदार, एवढा मोठा कुणी पाडला वो?"

काकांनी पदर सावरला. "मला काय इचारता? बंदूक पोरीजवळ व्हती. आमी बायका गवत कापत व्हतो!"