डांबरमास्तरांचा टॉवेल

ईशान आणि मीरा,

मागच्या सोमवारी व्हिडिओ कॉलवर मीराने विचारलं, "आजी, शोकेसमध्ये चांगल्या कपबशांच्या शेजारी ती घाणेरडी चिंधी कशाला ठेवलीय?" आबा नुसते हसले आणि गॅलरीत निघून गेले. मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. ती चिंधी ज्यांच्याकडून आमच्याकडे आली ते मास्तर गेल्या दिवाळीनंतर वारले. बसच्या वेळेत मावणारी ही गोष्ट नाही, म्हणून लिहून पाठवते.

मास्तर आमच्या शेजारच्या इमारतीत राहायचे. ज्युनिअर कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. त्यांची खासियत अशी की त्यांनी कधी कुणाला "सिगारेट सोडा" म्हणून सांगितलं नाही. ते फक्त बरणी मांडायचे. पाण्याने भरलेली मोठी काचेची बरणी, खाली तोटी, वर बूच, बुचात रुंद नळी, नळीत पांढरा कापूस आणि टोकाला पेटवलेली सिगारेट. तोटी सोडली की पाणी खाली वाहायचं आणि त्याच्या ओढीने धूर कापसातून आत यायचा. एक सिगारेट संपेपर्यंत कापूस धुरातल्या डांबराने चहाच्या गाळासारखा व्हायचा. गणपतीच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, एकदा तर बारशालाही त्यांनी ती मांडली होती. कॉलनीतल्या मुलांनी त्यांना डांबरमास्तर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना मनापासून आवडलं.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकी होती. बाहेर मात्र ते आपल्या गावाकडचे, वैरागचे होऊन जायचे. "डांबर सिगारेटीत नसतंयच की," ते म्हणायचे. "तंबाखू अर्धवट जळती, तवा ते तयार होतं. गरम हाय तवर वाफ. थंड जागा मिळाली की बसलं. हितं थंड कापूस हाय. तुमच्या आत काय हाय, ते तुमी बघा." कुणी फिल्टरचं नाव काढलं तर ते तीच सिगारेट फिल्टरसकट बरणीला लावायचे आणि कापूस त्याच्या हातात द्यायचे.

प्रयोगासाठी सिगारेट लागायची, ती ते कोपऱ्यावरच्या टपरीवरून आणायचे. त्यावरून एकदा गंमत झाली. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. पाहुण्यांनी आधी टपरीवर चौकशी केली, तर टपरीवाला भाबडेपणाने म्हणाला, "मास्तर ना? आपलं जुनं गिऱ्हाईक हाय." मुलाचे वडील कांदेपोह्यांना बसले ते तोंड पाडूनच. शेवटी त्यांनी विचारलं, "आपल्याला सिगारेटचं व्यसन आहे असं ऐकलं." मास्तरांच्या बायकोने कपाळावर हात मारला. मास्तर उठले आणि पोह्यांच्या बशा बाजूला सारून त्यांनी टीपॉयवर बरणी मांडली. "सिगारेट तेवढी संपलीय. तुमच्याकडं हाय का एखादी?" मुलाच्या वडिलांचा हात नकळत खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. सगळे हसले. लग्न जमलं.

आता आबांचं. आबा तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजर होते आणि कॉलेजपासून सिगारेट ओढत होते. आपल्या जिन्यावर मधल्या वळणाला थांबून ते खिशातून फोन काढायचे आणि बघत राहायचे. फोन आलेला नसायचा. दम लागायचा. डॉक्टरांनी त्यांना एका नळीत फुंकायला लावलं आणि स्वच्छ सांगितलं, आता थांबलात तर आहे तो श्वास पुष्कळसा टिकेल; नाही थांबलात तर काही वर्षांनी घरातल्या घरात चालणंही जड जाईल. आबांनी ऐकलं आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर सिगारेट पेटवली. माझं केव्हाच बोलून झालं होतं.

त्या संध्याकाळी मास्तर चहाला आले. डॉक्टरांचा विषय त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, "साहेब, कापूस संपलाय. तुमच्या कारखान्याचा एखादा टॉवेल द्या की, पांढरा." आबांना आपल्या मालाचा फार अभिमान. पाहुण्यांच्या हातात टॉवेल देऊन ते म्हणायचे, "बोटं फिरवून बघा, एकेक धागा कसा उभा आहे." त्यातलाच एक तुकडा मास्तरांनी नळीत बसवला आणि आबांच्याच पाकिटातल्या सिगारेटी एकामागून एक लावल्या. मग तो तुकडा काढून आबांच्या मांडीवर ठेवला. उभे धागे चिकट होऊन आडवे पडले होते.

"आता बोटं फिरवा," मास्तर म्हणाले.

आबांनी बोटं फिरवली.

"श्वासनळीला आतून असंच अस्तर असतंय. बारीक केस, सारखे हलत्यात. धूळ, बेडका, सगळं वर लोटून भाईर काढत्यात. धूर लागला की ते गप पडत्यात. मग घाण तितंच."

आबांनी तो तुकडा उलटून पाहिला. मग म्हणाले, "हा टॉवेल कितीही धुतला तरी पांढरा होणार नाही, मास्तर. आमच्या कारखान्यातल्या ब्लीचिंगवाल्यांनाही जमणार नाही. मग आता सोडून काय उपयोग?"

मास्तर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "टॉवेल मेलेला हाय, साहेब. त्याला नवं सूत फुटत न्हाय. तुमाला फुटतंय."

आबांनी त्या रात्री जेवणानंतर सिगारेट घेतली नाही. पुढचे काही दिवस घरात सगळ्यांनी जपून बोलायचं असं ठरलं. मास्तर रोज डोकावायचे. रक्तातल्या विषारी वायूचं त्यांनी मला सांगितलं, "वहिनी, एसटीत रुमाल टाकून जागा धरणारा असतो ना, तसा तो कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजन दारात उभा, आन् ह्यो सीट सोडत न्हाय. पर धूर बंद झाला की दोन दिसांत सगळे उतरत्यात." आबा ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकायचे.

आणि मग घोटाळा झाला. आबांचा खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सकाळी उठल्यापासून ढास लागायची आणि काळपट बेडके पडायचे. बातमी नातेवाइकांत पसरली. बार्शीहून आबांच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा फोन आला. "अरे, इतक्या वर्षांची सवय, अंगाला मानवलेली. एकदम सोडलीस म्हणून उलटलीय. दिवसाला एक घे बघू." कारखान्यातले दोघेतिघे तेच म्हणाले. आबांना तर हेच ऐकायचं होतं. ते चपला घालून दारापर्यंत गेले. मी गॅलरीतून मास्तरांना हाक मारली.

मास्तर जिन्यातच त्यांना आडवे आले. हातात तोच काळा तुकडा. "कुटं निघालाव?"

"टपरीवर. खोकून खोकून बरगड्या दुखतायत. सिगारेट होती तेव्हा बरा होतो."

"खोकला कशाचा हाय, ठाऊक हाय का? इतकी वर्षं ते झाडलोट करणारे केस संपावर होते. आता कामावर आलेत. साठलेलं सगळं भाईर काढायलेत. आन् तुमी त्यास्नी परत घरी पाठवायला निघालाव." मग आवाज उतरवून पुस्तकी भाषेत, वर्गातल्यासारखं म्हणाले, "खोटं सांगणार नाही. फुप्फुसातले जे फुगे फाटले असतील ते परत शिवता येत नाहीत. पेशीतल्या सूचनांमध्ये, म्हणजे डीएनएमध्ये, जी खाडाखोड झाली असेल तीही सगळी पुसली जात नाही. पण नवी खाडाखोड थांबते. कॅन्सरचा धोका दरवर्षी उतरत जातो. खोकल्यासाठी उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर. आज फक्त वर चला."

आबांनी एकदा खाली रस्त्याकडे बघितलं. मग आबा वळले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून मास्तरांचंच म्हणणं सांगितलं. काही आठवड्यांनी ढास ओसरली. ताईंना आबांनी स्वतः फोन करून झाडलोट करणाऱ्यांच्या संपाची गोष्ट ऐकवली. पुढे मास्तर नसतील तिथेही ती ऐकवू लागले आणि दरवेळी थोडी वाढवून. मास्तर ऐकून म्हणायचे, "साहेब, रसायनात एवढं तिखटमीठ नसतंय."

शेवटी शेवटी मास्तरांचे हात थरथरायचे, तेव्हा बरणी आबाच धरायचे. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने बरणी आणि तो तुकडा आमच्याकडे आणून दिला. म्हणाली, "आईला घरात नको आहे आणि टाकवत नाही." आबा आता अधूनमधून जुन्या कारखान्याच्या फाटकाशी, कामाची पाळी सुटताना, ती बरणी मांडतात. कुणाला "सोडा" म्हणत नाहीत. बोटं फिरवायला सांगतात.

आबांचा श्वास तरुण माणसासारखा झालेला नाही, होणारही नाही. थंडीत त्यांना औषधाचा पंप घ्यावा लागतो. टॉवेलचा तुकडा अजून तसाच काळा आहे, शोकेसमध्ये. पण रोज सकाळी आबा खाली जाऊन दूध आणतात, मधल्या वळणाला न थांबता वर येतात आणि दारातूनच मला हाक मारतात.