तीन प्याद्यांची आघाडी

बदलापूरजवळच्या चामटोलीतून बी.एस्सी. झालेली मी पहिली. उल्हासनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि रविवारी अंबरनाथला, ऑफिसर लोकांच्या कॉलनीतल्या क्लबात बुद्धिबळ खेळायचे. ही नव्वदीतली गोष्ट. क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठीचा शेवटचा डाव माझा होता, एमआयडीसीतल्या एका साहेबांशी. बरोबरी झाली तरी जागा माझी. हरले तर त्यांची.

डाव लांबला. उरलेला पुढच्या रविवारी खेळायचं ठरलं. त्यांच्याकडे राजा आणि वजीर. माझ्याकडे राजा, हत्ती आणि मूळ घरातून न हललेलं एक प्यादं.

मध्येच क्लासवर साहेबांचा फोन आला. "अहो, आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डाव मांडून बघितला. तुम्ही हरलाय. रविवारी बदलापूरहून उगाच कशाला येताय?"

"येणार," म्हटलं आणि फोन ठेवला. पण मशीनवर माझाही विश्वास होता. मुलांना तेच तर शिकवत होते.

दुपारी क्लास रिकामा असायचा. फ्लॉपीवरचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लावला, डाव मांडला. माझ्याही स्क्रीनवर तेच: पांढऱ्याला, म्हणजे साहेबांना, तीन प्याद्यांच्या किमतीची आघाडी. असं? मग जिंकून दाखव म्हटलं. मशीनला वजीर दिला, मी हत्ती घेतला. प्याद्याचा जोर असलेल्या दोन घरांत हत्ती नुसता इकडून तिकडे नेत राहिले. राजा मागे दडवला. मशीन शह देई, फिरून फिरून पुन्हा तिथेच येई. आकडा तीनच. ना वर, ना खाली.

क्लासचे सिंधी मालक मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, कब से हाथी को चक्कर मरवा रही हो?"

"शेठ, पहारा दे रहा है."

बोलून गेले आणि लख्ख कळलं. मशीन मोहरे तोलत होतं. हत्ती-प्याद्याची भिंत फुटते की नाही, हे त्याला विचारलंच नव्हतं कुणी.

रविवारी पटावर बसताच साहेब हसले. "डाव सोडताय ना?"

"नाही. खेळा."

हत्ती इकडे, हत्ती तिकडे. बघणाऱ्यांतले एक काका कंटाळले. "अगं, किती ताणशील?"

"काका, वजीर त्यांच्याकडे आहे. त्यांना सांगा की संपवायला!"

पन्नास चाली झाल्या. काही मारलं गेलं नाही, प्यादं हललं नाही. नियमाने बरोबरी. साहेबांनी हात पुढे केला. "तरी कॉम्प्युटरप्रमाणे मीच पुढे होतो हं."

"होतात ना. पण आत नाही येता आलं."

क्लबाचे सेक्रेटरी घसा खाकरत म्हणाले, "संघाचं बघू पुढच्या आठवड्यात. तू लांबून येणार, त्यात मुलगी..."

"लांबूनच आलेय आजही. नाव लिहा."

त्यांना खिशातलं पेन सापडायला फार वेळ लागला. मी टेबलासमोरून हलले नाही.