मांडे कशावर भाजतात?

बोलण्याच्या बाबतीत मी आयुष्यभर मागच्या बाकावर बसले. शाळेत संस्कृत शिकवण्यात सगळी नोकरी सरली; वर्गात आवाज निघे, पण शिक्षकांच्या खोलीत तो क्वचितच कुणी ऐकला असेल. निवृत्तीनंतर स्मार्टफोन वापरायला शिकले, आणि त्याच सुमारास आमच्या बऱ्हाणपुरातल्या लालबाग भागातल्या एका निवृत्त विज्ञान-शिक्षकांनी बऱ्हाणपुरी मराठीतले शब्द जमवण्यासाठी ग्रुप काढला. लिहून बोलण्याची ही सोय मला फार मानवली. वाक्य पुसता येते, पुन्हा रचता येते, आणि तोवर कुणी तोंडाकडे पाहत बसत नाही. घरात कुणाला खरे वाटणार नाही, पण त्या ग्रुपवर मी वाद घालत असे.

ग्रुपची एक रीत होती. नवा माणूस आला की प्रत्येकाने त्याला राम राम घालायचा आणि गाव विचारायचे. ही रीतच आमच्या अंगाशी आली. कुणीतरी उत्साहाच्या भरात ग्रुपची लिंक सगळीकडे वाटली, आणि एका दुपारी अनोळखी नंबरांची रांग लागली. पहिल्याने लिहिले : ‘पंद्रह दिन में गंजे सिर पर बाल.’

“राम राम भाऊ, गाव कोणतं?” आमच्यापैकी तिघांनी विचारले.

उत्तरादाखल तीच जाहिरात पुन्हा आली. मागोमाग पोट कमी करणारा चहा आला, मग परदेशातली लॉटरी. आम्ही प्रत्येकाला गाव विचारत राहिलो. कापडाचे दुकान चालवणाऱ्या एका सदस्याने तर तेलवाल्याला लिहिले, “आमचे सर पाहा. त्यांच्यावर जमलं तर सगळेच घेऊ.” सर म्हणजे ग्रुप काढणारे ते विज्ञान-शिक्षक; त्यांच्या डोक्यावर एकही केस नाही.

सर मात्र हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी जाहीर केले, “रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर कुलूप. मग लिहीन फक्त मी, बाकीच्यांनी वाचायचं.”

इतरांना बोलायला ओटे होते, दुकाने होती. माझे बोलणे तेवढेच होते. एरवी दोन ओळींसाठी अर्धा तास घेणारी मी, तेव्हा न खोडता लिहून गेले : “सर, मी पाहू का?”

“पाहा ना ताई,” सरांनी लगेच फोनच केला. “पण तुम्ही बाहेर कुणाला काढणार? तुम्ही दारावरच्या सेल्समनला आधी पाणी देता.”

त्यांनी मला अ‍ॅडमिन केले, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला काढण्यापूर्वी ‘क्षमस्व, आपल्याला समूहातून वगळणे भाग पडत आहे’ असे कळवत होते. ते वाक्य पुरे होईपर्यंत तोच गृहस्थ आणखी पाच जाहिराती टाकून मोकळा होई.

मग सुचले की, काढण्यापेक्षा आत येण्यापूर्वीच विचारावे. येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी खासगीत एकच प्रश्न पाठवू लागले : ‘पुरणाचे मांडे कशावर भाजतात?’ आपल्याकडच्या माणसाला ‘खापर’ हा शब्द सुचायला वेळ लागत नाही. चूल पेटलेली, तिच्यावर मातीचे खापर पालथे, आणि दोन्ही हातांवर फिरवून फिरवून पातळ केलेला मांडा. हे ज्याने पाहिले, तो आपला. तेलवाल्याचे उत्तर आले, ‘यस मॅडम’. चहावाल्याने पुन्हा चहाच पाठवला. दोन दिवसांत ग्रुप स्वच्छ झाला आणि मला, खरे सांगायचे तर, थोडा गर्व झाला.

शुक्रवारी एका नंबरावरून उत्तर आले : ‘गॅसवर’. मी नकाराचे बटण दाबले. क्षमस्वही लिहिले नाही.

थोड्याच वेळात त्याच नंबरावरून बाईच्या आवाजातला निरोप आला. “ओ ताई, मले नापास कायले केलं?”

अनोळखी माणसाला मी आपणहून कधी फोन केलेला नाही. पण ही चूक लिहून पुसण्यासारखी नव्हती. मी नंबर लावला.

त्या खकनारजवळच्या केळीवाल्या शेतकरी घरातल्या निघाल्या. मी निवृत्त शिक्षिका अशी ओळख सांगून माफी मागू लागले, तर त्यांनी मध्येच थांबवले.

“माफी राहू द्या. आमचं खापर पोळ्याच्या सणाले फुटलं. सुनेनं गॅसवर कढई पालथी घातली, तिच्यावर केले. तुम्ही विचारलं कशावर, मी खरं सांगितलं. खोटं लिहायचं होतं का?”

“नाही हो. प्रश्नच चुकीचा होता.”

“चुकलाच. मांडे भाजत नाही, मांडे टाकता. भाजता ती भाकर. मास्तरीण ना तुम्ही?”

मी हसू लागले, आणि त्याही. आम्ही बराच वेळ बोललो. त्यात माझाही वाटा चांगला होता, हे फोन ठेवल्यावर लक्षात आले.

त्यांना आत घेताच त्यांनी तेच वाक्य ग्रुपवर बोलून टाकले. मांडे टाकतात की भाजतात, यावर शनिवारभर रण माजले. नेपानगरच्या एका वहिनींनी ‘करतात’ असा तिसराच पक्ष उघडला. रविवारी सकाळी कुलूप घालायला आलेल्या सरांनी उष्णता आणि वाफ यांचा दाखला देत ‘भाजतात’च्या बाजूने लांबलचक मजकूर लिहिला. दुपारी मी भीतभीत विचारले, “सर, कुलपाचं काय?”

“कुलूप कसलं घेऊन बसलात ताई?” सरांनी लिहिले. “आधी या खकनारच्या बाईंना उत्तर द्या. त्या मला अडाणी म्हणताहेत.”

मी उत्तर लिहायला घेतले, मग खोडले, आणि बटण दाबून बोलूनच टाकले : मांडे टाकतात.