वांधो नहीं!

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. माझ्याच जिभेनं माझा कसा घात केला, ते ऐकाच.

बडोद्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडात दोन शब्द कायमचे मुक्कामाला असतात. वांधो नहीं. म्हणजे हरकत नाही. रिक्षा पायावरून गेली तरी आम्ही कळवळत म्हणणार, "वांधो नहीं!" घरात मराठी, उंबऱ्याबाहेर वांधो नहीं.

तर ऐन मे महिन्यात तरसालीतल्या आमच्या घरचा नवाकोरा फ्रिज बंद पडला. वॉरंटीतला! भाजी सडली, आमरस फसफसला, ते सोडा. पण नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं इन्सुलिन? ते गेलं शेजारच्या जशुबेनच्या फ्रिजमध्ये, ढोकळ्याच्या पिठाशेजारी.

आणि आमचे नाना कसे? पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून घराण्यात कुणी शेजाऱ्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितलेली नाही. तो माणूस आता रोज जेवणाआधी जशुबेनच्या दारात उभा राहून "बेन, जरा..." एवढंच म्हणायचा. मला ते बघवत नव्हतं हो!

मी कंपनीकडे तक्रार नोंदवली. रोज एका गोड आवाजाचा फोन यायचा.

"सर, आजे मेकॅनिक नहीं आवे."

"वांधो नहीं."

"पार्ट आववामां टाइम लागशे, सर."

"वांधो नहीं."

मग एक दिवस मेसेज आला. ग्राहकाची हरकत नसल्यामुळे तक्रार बंद! मी फोन करून किंचाळलो. पलीकडून तोच गोड आवाज, "सर, रेकॉर्डिंग छे. तमे ज कह्युं ने, वांधो नहीं!"

घ्या! आता कुणाच्या नावानं बोंब मारायची?

ग्राहकांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेत गेलो. तिथल्या बाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, वॉरंटीतली वस्तू दुरुस्त करून देणं हा काय त्यांचा उपकार आहे? फोनवर गोडगोड बोलत काय बसता? लेखी तक्रार द्या, पोच घ्या. नाहीच ऐकलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वकील लागतोच असंही नाही. बिल आहे ना?"

"आहे."

"मग घाबरता कशाला? आणि आता फोन आला तर ठणकावून सांगा, वांधा आहे!"

लेखी तक्रार दिली, पोच घेतली आणि स्कूटरवर घोकत निघालो. वांधो छे, वांधो छे. सिग्नलला बाजूचा स्कूटरवाला काळजीनं म्हणाला, "शुं वांधो छे, भाई?"

घरात पाऊल टाकतो तोच फोन. अनोळखी नंबर. बाईचा गोड आवाज.

"भाई, बे दिवसनी ज वात छे. वांधो तो नथी ने?"

अजून दोन दिवस? माझं डोकंच सटकलं. "वांधो छे! मोटो वांधो छे! लेखितमां आपीश! कोर्टमां जईश!"

फोन कट. काय सांगू, छाती फुगली होती माझी!

थोड्या वेळानं नाना दारातून आत आले. हातात स्टीलचा डबा, डब्यात इन्सुलिन.

"जशुबेन आणि त्यांची सून डभोईला गेल्या, दोन दिवसांसाठी. चावी आपल्याकडे ठेवू का, म्हणून सुनेनं तिच्या फोनवरून तुला विचारलं, तर तू कोर्टाची भाषा केलीस म्हणे."

शेजारी कुलूप, बाहेर आगीसारखं ऊन. जन्मात पहिल्यांदा नानांनी कुणाकडे काही मागितलं होतं, आणि ते मीच परत पाठवलं होतं.

डबा गार ठेवायला मी माठाभोवती ओलं फडकं गुंडाळू लागलो. नाना बघत राहिले.

"ती तक्रार कुठं करायची म्हणालास?"

"कुणाची?"

"तुझी. पण बिल नाहीये माझ्याकडे."

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"वांधो नहीं."