पार्किंगमधल्या सरांचं घर्षण

माझी लेक नववीत गेली त्याच वर्षी कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत एका तरुण इंजिनिअरने नोकरी सोडून विज्ञानाचा क्लास काढला. जागा म्हणजे एका जुन्या इमारतीचं पार्किंग. तिथे त्याने एक फळा टांगला होता आणि फळ्या, तरट, पाइपांचे तुकडे, जुनी टायरं असा भंगारात शोभेलसा माल जमवला होता. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लेकीला त्याच विषयासाठी बाहेर पाठवायचं म्हणजे हलवायाच्या मुलीने शेजारच्या दुकानातून पेढे आणण्यासारखं होतं. पण तिच्या सगळ्या मैत्रिणी जात होत्या. तीही जायचं म्हणाली. मी कारण विचारलं, तेव्हा भाजी वाढून घेता घेता तिने सांगितलं, की घरी शिकवताना मी आई कमी आणि परीक्षक जास्त असते. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हटलं, जा.

एका संध्याकाळी कॉलेजातून घरी आले तर ओट्यावर तांदूळ सांडलेले. लेकीने गळ्याशी निमुळती असलेली काचेची बरणी घेऊन त्यात तांदूळ ठोकून ठोकून भरले होते. मग लाकडी डावाचा दांडा त्यात खुपसला, काढला, पुन्हा खुपसला, आणि शेवटी नुसता डाव धरून अख्खी बरणी हवेत उचलली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. ती मला म्हणाली, की प्रत्येक दाणा दांड्याला दाबून धरतो, जितका दाब जास्त तितकं घर्षण जास्त, म्हणून बरणी खाली पडत नाही. गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय आणि घर्षण वर धरून ठेवतंय. तिचे डोळे चमकत होते.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. फळ्यावर एक ठोकळा काढायचा, त्याच्या खाली बाण, वर बाण, डावीकडे बाण. मुलं उतरवून घेतात. माझ्या वर्गात आजवर कुणाचे डोळे चमकल्याचं मला आठवेना. मी लेकीला म्हटलं, आधी ते तांदूळ गोळा कर.

त्यानंतर आमच्या घरात 'सर म्हणाले' सुरू झालं. सर म्हणाले, घर्षण नसतं तर दोरीची गाठ बसली नसती. सर म्हणाले, भिंतीतला खिळा घर्षणामुळे टिकतो. सर म्हणाले, पावसात दुचाकीचा पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, कारण ओल्या रस्त्यावर टायरला धरायला फारसं काही उरत नाही. हे शेवटचं तर मी तिला स्कूटरवर मागे बसवून कितीदा सांगितलं होतं. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "असेल." आणि पुढचं सांगू लागली.

भाजी आणायला जाताना माझी स्कूटर त्या पार्किंगपाशी आपोआप हळू व्हायला लागली. आतून मुलांच्या हसण्याचा आवाज यायचा. एकदा मी थांबूनच पाहिलं. त्याने एका मुलीला गोणपाटावर बसवलं होतं आणि दुसऱ्या तिघी तिला ओढत होत्या. गोणपाट हलत नव्हतं, मग एकदम हललं, आणि हलल्यावर ओढणं सोपं झालं. त्याने विचारलं, जास्त जोर कधी लागला, हलेपर्यंत की हलल्यावर? सगळ्या एकदम ओरडल्या. मग त्याने गोणपाटाखाली पाइपांचे तुकडे घातले आणि ती मुलगी एका हाताने ओढली गेली. घसरणं आणि गडगडणं यातला फरक त्याने फळ्याकडे पाठ करून शिकवला. ओढणाऱ्यांत माझी लेक होती. घामेजलेली, केस सुटलेले. माझ्यासमोर अभ्यासाला बसते तेव्हा ती खुर्चीत अशी बसते की जणू दातांच्या डॉक्टरकडे आलीये.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, की हा माणूस मुलांना खेळवतो, शिकवत नाही. नवरा बँकेत आहे, माणसं ओळखतो. तो म्हणाला, "तुला त्याच्या शिकवण्याचा त्रास होतोय की त्याच्याकडच्या गर्दीचा?" मी ताटात आणखी भात वाढून घेतला. पोटात दुखतंय हे मलाही कळत होतं, पण ते दुसऱ्याने निदान करून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी बरणी आणि तांदूळ घेऊन कॉलेजात गेले. अकरावीचा वर्ग होता. मी तांदूळ भरले, दांडा खुपसला, दाणा कसा दाबतो ते समजावलं आणि सगळ्यांकडे पाहत डाव उचलला. नुसता दांडा वर आला. तांदूळ पुरेसे ठोकून बसवलेच नव्हते मी. मागच्या बाकांवरून हसण्याची लाट आली. फिजिक्सच्या तासाला अखेर हसू आलं म्हणायचं. मी फळ्याकडे वळले आणि ठोकळा काढला.

दिवाळीच्या आधी एका रविवारी त्याने पालकांना बोलावलं. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा होता. त्याने स्टुलावर उभं राहून एक नाणं आणि कागदाचा कपटा सोडला. नाणं टणकन पडलं, कागद डुलत आला. मग तोच कपटा नाण्यावर ठेवून सोडला, तर दोन्ही बरोबर खाली. पालक चकित झाले. गुरुत्वाकर्षण दोन्हींना सारखंच त्वरण देत असतं, कागदाला अडवते ती हवा, असं तो म्हणाला. बरोबरच होतं. मी त्याच्या प्रत्येक वाक्यात चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती.

मग मी हात वर केला. "चालताना माणसाच्या तळव्यावर घर्षण कोणत्या दिशेनं लागतं?"

बारावीची हुशार मुलंही इथे पडतात. घर्षण गतीला विरोध करतं हे पाठ असतं, म्हणून ती 'मागे' म्हणतात. माझी इच्छा होती की त्यानेही म्हणावं.

तो हसला. "मॅडम, याचं उत्तर आपण तुमच्याच घरून मागवू." त्याने माझ्या लेकीला पुढे बोलावलं, बूट काढायला लावले आणि शहाबादी फरशीवर पावडर शिंपडली. ती मोज्यांवर उभी राहिली आणि पाऊल टाकायला गेली. मागचा पाय सर्रकन मागे गेला. कुणीतरी तिला धरलं. ती हसत सावरली आणि सांगू लागली, की चालताना आपण जमिनीला मागे ढकलतो. पाय मागे सरकू पाहतो, आणि घर्षण त्याला सरकू देत नाही, म्हणजे ते पायावर पुढच्या दिशेला लागतं. आपल्याला पुढे नेतं ते घर्षणच. पावडरवर ते नाहीसं झालं, म्हणून ती जागच्या जागी राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. उत्तर संपवून लेकीने आधी सरांकडे पाहिलं, बरोबर आलं ना म्हणून. मग माझ्याकडे. ती चांगलं बोलली होती आणि ते मला सांगता येत नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही दोघी वेताळ टेकडीवर गेलो. परतताना तिला नेहमीची वाट सोडून जवळच्या वाटेने उतरायचं होतं. पावसात त्या वाटेवरची बरीच माती वाहून गेली होती आणि वर नुसता बारीक मुरूम उरला होता. निम्म्या वाटेवर तिचा पाय घसरला. ती मागे रेलली, टाचांवर आली, आणखी घसरली आणि मग बसूनच राहिली. खाली पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, पाय धरतच नाहीयेत."

मी तिच्या खालच्या बाजूला जाऊन आडवी उभी राहिले. तिला म्हटलं, ऊठ आणि मागे रेलू नकोस. मागे रेललं की पाय उतारावरून पुढे ढकलला जातो आणि जमिनीवर दाब कमी पडतो. अंग पायांच्या वर ठेव. गुडघे वाकव. पाऊल आडवं टाक, पूर्ण तळवा टेकव, छोटं टाक. हे खडे गोल आहेत, ते पायाखाली गडगडतात, म्हणून खडा दिसेल तिथे नको, उघडी माती किंवा पक्का दगड दिसेल तिथे पाय ठेव. ती उठली. माझा खांदा धरून तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मी काही विचारत नव्हते आणि ती उत्तर देत नव्हती. खाली आल्यावर तिने माझा खांदा लगेच सोडला नाही. रस्त्यावर आलो, तिने चहावाल्याकडे क्रीमरोल मागितला आणि आम्ही तो अर्धा अर्धा खाल्ला. त्या दिवशी घरी 'सर म्हणाले' एकदाही झालं नाही.

आठवड्याभराने शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांची मुलगीही त्याच क्लासला जाते. त्या म्हणाल्या, "काल सरांनी फळीवर मोहरी पसरून टेकडी कशी उतरायची ते दाखवलं. काय सुचतं हो त्यांना!"

मी जिना कसा चढले ते मला माहीत नाही. लेक अभ्यास करत होती. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, की टेकडीचं तू सांगितलंस का क्लासमध्ये. ती म्हणाली, हो. सरांनी कुणी शिकवलं असं विचारलं होतं, तिने आईचं नाव घेतलं होतं. सर म्हणाले होते, मी वर्गात दाखवलं तर चालेल का ते आईला विचारून ये.

"आणि मी विसरले विचारायला," ती म्हणाली. "काल त्यांनी विचारलं तेव्हा मीच हो म्हणून टाकलं. चालेल ना?"

"गुडघे वाकवायचं सांगितलं का त्यांनी?"

तिने आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं.

"मग अर्धवटच शिकवलं."

"तू येऊन सांग ना मग," ती म्हणाली. चेष्टेने नाही, पुस्तकातून मान वर करून.

मी गेले. पार्किंगमध्ये पोरांसमोर फळी तिरकी धरली, मोहरी पसरली, जुना बूट ठेवून दाखवला. मोहरी सगळीकडे उडाली, एक मुलगी खरोखर घसरता घसरता वाचली, आणि हसण्याच्या आवाजात माझं शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नाही. तो तरुण मागे उभा राहून वहीत काहीतरी टिपत होता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि पोरं त्याच्याकडे वळून वळून बघत होती.

घरी जाताना मी लेकीला विचारलं, कसं झालं. तिने खरा विचार केला.

"सरांसारखं नाही," ती म्हणाली. "पण बरं होतं."

मी पुढचे दोन चौक ऐकत राहिले, तिला नक्की कुठे काय वेगळं वाटलं ते.