आत्याचं रंगून

आणीबाणीचे दिवस बाबांना फार आवडले होते. हे लिहितानाही माझं डोकं तडकतं. नाशिकच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. माणसं वेळेवर खुर्चीत दिसू लागली, संप थांबले, मोर्चे थांबले, याचं त्यांना कोण कौतुक! मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. आमचे इतिहासाचे सर चौकात सरकारबद्दल काही बोलले, म्हणून पोलीस त्यांना उचलून घेऊन गेले. मी घरी येऊन सांगितलं, तर बाबा म्हणाले, "मास्तरानं शिकवावं. भाषणं कशाला ठोकायची?"

पुढे निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि नव्या सरकारातही लगेच भांडणं लागली. एका रविवारी शेजारचे वकील चहाला आले होते. दोघांची गाडी नेहमीच्या रुळावर आली होती.

"आपल्या लोकांची लोकशाहीची लायकीच नाही," बाबा म्हणाले. "दहा वर्षं देश मिलिटरीच्या हाती द्या. भाव उतरतात की नाही बघा."

"दोन-चार साठेबाज चौकात फोडून काढले, की साखर आपोआप बाहेर येईल," वकिलांनी पुस्ती जोडली.

आत्या आत मटार सोलत बसली होती. बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती रंगूनला गेली होती आणि तिथं सैन्याचं राज्य आल्यावर काही वर्षांनी नेसत्या लुगड्यानिशी परत आली होती. तेव्हापासून ती आमच्याकडे राहायची, खालमानेनं कामं करायची. रंगूनबद्दल ती बोलत नसे आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती ताट घेऊनच बाहेर आली.

"भाव उतरले होते, दादा," ती म्हणाली. "पहिले काही महिने. रस्ते झाडले जायचे, गुंड गायब झाले. आमच्या गल्लीत शिपाई आले तेव्हा मी स्वतः त्यांना चहा करून दिला. आम्हीपण असंच म्हणायचो, बरं झालं, आता शिस्त येईल."

"मग?" वकिलांनी सहज विचारलं.

"मग एक दिवस त्याच शिपायांनी ह्यांच्या शिलाईच्या दुकानाला टाळं ठोकलं. म्हणाले, दुकान आता जनतेचं. दुसऱ्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक दुकान जनतेचं झालं, आणि जनतेला सुईदोरा मिळेना. सगळ्या जगाला तांदूळ विकणारा देश तो, वकीलसाहेब. मी तिथं तांदळासाठी रांगेत उभी राहिलेय. लष्करी साहेबांच्या बायका मात्र रांगेत कधी दिसल्या नाहीत. हिंदुस्थानी लोकांना जा म्हणाले. बोटीच्या धक्क्यावर माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून घेतलं, नवरा शेजारी उभा असताना! मद्रासला निर्वासितांच्या छावणीत हे वारले, ते त्या घावानंच."

बाबांनी कप खाली ठेवला. "तो ब्रह्मदेश झाला. आपलं सैन्य तसलं नाही."

"सैन्य चांगलं असेल रे. पण राज्य हातात आल्यावर त्यांना विचारायचं कोणी?"

"माझ्या घरात बसून पाहुण्यांसमोर मला अक्कल शिकवू नकोस," बाबा म्हणाले.

*माझ्या घरात.* आत्यानं ताट ओट्यावर ठेवलं आणि कपडे बांधायला घेतले. आई रडली, मी बाबांशी कडाकडा भांडले. आत्या थांबली नाही. सिन्नरला ओळखीच्या एका बाईंकडे खोली घेऊन ती ब्लाऊज शिवू लागली. बहीणभावाचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मी मात्र एस.टी.नं जात राहिले. तिथंच मला कळलं, की तिचा मुलगा रंगूनलाच राहिला होता. त्यानं बर्मी मुलीशी लग्न केलं होतं, तो शाळेत शिकवायचा. तो कधीमधी निरोप धाडायचा, तोही जपून. पगारात महिना निघत नाही, तेल-काड्या चोरबाजारात, दुकानं रिकामी. एकदा सरकारनं रातोरात मोठ्या नोटा रद्द केल्या, त्यात त्याचं साठवलेलं सगळं कागद झालं. आत्या हे मशीन चालवता चालवता सांगायची आणि तिचा पाय मशीनच्या पायडलवर जोरात आपटायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात रेडिओवर बातमी आली. रंगूनमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि सैन्यानं गोळ्या घातल्या होत्या. बाबा तोवर निवृत्त झाले होते. आत्याचा मुलगा तिथंच आहे, हे मी त्यांच्या कानावर घातलं होतं. बातमी ऐकून ते उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "सिन्नरला चल."

आत्यानं दार उघडलं. बाबांना बघून ती बाजूला झाली नाही.

"पोराचं काही कळलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"घरी चल."

"घर माझं इथं आहे. तुला काही करायचं असेल, तर त्याला शोध. जन्मभर सरकारी कागद लिहिलेस ना?"

बाबांनी खरंच लिहायला घेतलं. दिल्लीला, मुंबईला अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, खासदाराच्या ओसरीवर ताटकळले. शेवटी कोणा अधिकाऱ्यानं तोंडी सांगितलं, की तिथल्या सरकारकडे चौकशी केली, पण ते उत्तर देत नाहीत. बाबा संतापून सिन्नरला आले.

"उत्तर देत नाहीत म्हणजे काय? जिवंत माणसाची चौकशी आहे! कोणाला तरी उत्तर द्यावंच लागेल ना?"

आत्यानं मशीन थांबवलं. "कोणाला, दादा?"

बाबा तिच्या कॉटवर बसले. त्यांना पाणीही नको झालं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. एवढी साधी गोष्ट कळायला ह्यांना स्वतःचा भाचा हरवावा लागला, हाच विचार माझ्या मनात होता, आणि तो मी बोलूनही दाखवला. आत्यानं मला गप्प केलं.

आतेभावाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. आत्या सिन्नरलाच वारली. तिचे दिवस बाबांनी घातले, रीतसर, आमच्या घरी.