मामांनी पारखलेला पोपट

जनावर पारखण्यात माझे मामा उभ्या आयुष्यात एकदाच चुकले, आणि ती चूक त्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. एरवी साऱ्या केज तालुक्यात त्यांच्या नजरेला मान होता. गावच्या दूध सोसायटीनं सभासदांसाठी म्हशी आणायचं ठरवलं की चेअरमनसकट सगळे आधी मामांच्या ओट्यावर येऊन बसत. मामा बाजारात जनावराभोवती एक चक्कर मारत, दात बघत, खूर बघत, चार पावलं चालवून घेत आणि शेवटी त्याच्या कानामागं फाडकन टाळी वाजवत. दचकलं तर ‘चला’, शांत राहिलं तर ‘घ्या’. माणसांसाठी त्यांच्याकडं एवढे दोनच शब्द होते. बाकीचं सगळं बोलणं बैलांसाठी राखलेलं. संध्याकाळी गोठ्यात बसून ते बैलजोडीला अख्ख्या गावाची हकिगत सांगत. स्वतःच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मामीला गोठ्याच्या भिंतीआडून कळलं, असं आमच्या घरात सांगतात, आणि मामीनं ते कधी खोटं म्हटलं नाही.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. गावातला कडबा संपला, सोसायटीच्या दुधाच्या किटल्या ओसरीत पालथ्या पडल्या. उमापूरला साडूच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून मामांनी बैलजोडी तिकडं पाठवून दिली आणि स्वतः रिकाम्या गोठ्याकडं तोंड करून गप्प बसले. मुलगी सासरी गेलेली. घरात दोन माणसं आणि आवाज काय तो भांड्यांचा. कधी लुगडंसुद्धा मागून न घेतलेली मामी एका सकाळी म्हणाली, “घरात बोलतं काय तरी आणा. पोपट आणा एखादा.”

जनावर आणायचं म्हटल्यावर मामांच्या अंगात जीव आला. मी कॉलेजच्या सुट्टीत आलो होतो. मला घेऊन ते जीपनं केजच्या बाजाराला निघाले. पोपटवाल्याकडं पाच-सहा पिंजरे होते. एक पोपट शिट्ट्या घालत होता, एक कुणाला तरी शिव्या देत होता. मामांनी दोघांनाही ‘खोडील’ म्हणून बाद केलं. मग प्रत्येक पिंजऱ्यापाशी जाऊन त्यांनी टाळी वाजवली. सगळे पोपट फडफडले, एक सोडून. तो दांडीवर ढिम्म बसून राहिला. मामांनी पोपटवाल्याचा हात ओढून उपरण्याखाली घेतला आणि बैलबाजारातल्या रीतीनं बोटं दाबून किंमत विचारू लागले. तो बिचारा घाबरून हात सोडवायला बघत होता. तरीही खऱ्याला जागून म्हणाला, “पाव्हणं, ह्यो बोलत न्हाई. त्यो शिट्टीवाला न्या.” मामा म्हणाले, “बडबड्या जनावराला दम नसतो. ह्योच पायजे.” बोलण्यासाठी आणायचा पोपट त्यांनी बोलत नाही म्हणून पसंत केला, आणि येताना जीपभर त्याच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं.

महिना गेला, दोन महिने गेले, पोपट काही ‘राम राम’ म्हणेना. मामीचा चेहरा पडला. ओट्यावरची माणसं तर हसायला टपलेलीच होती. मामा मात्र हट्टाला पेटले. टँकर आला की पहिलं पाणी पोपटाच्या वाटीत. कुणी नाक मुरडलं तर म्हणत, “मग पाखरानं काय घागर घिऊन रांगेत उभं ऱ्हावं का?” हिरव्या मिरचीसाठी ते युसूफ वडगावच्या बाजारापर्यंत पायी जात. चांगलं बोलणं कानावर पडावं म्हणून त्यांनी पिंजरा सोसायटीच्या वार्षिक सभेलाही नेला. चेअरमनचं भाषण सुरू झालं आणि पोपटानं मान पिसांत घालून झोप काढली. “समजदार हाय,” मामा घरी येऊन म्हणाले, “नगं ते शिकत न्हाई.”

रोज दिवेलागणीला ते स्वयंपाकघराच्या दारात, पिंजऱ्याखाली बसत. ‘राम राम’ म्हणून तोंड दुखलं की त्याला गावातलं सांगू लागत. पोपट कशाला उत्तर देतो! चुलीपुढून मामीच म्हणायची, “त्याला काय ठावं, मला इचारा.” हळूहळू मामा तिलाच विचारू लागले. भाकरी करपल्याचं दोघांच्या ध्यानात येत नसे. त्या कोरड्या वर्षात मामीचा चेहरा उजळला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

पुढं पाऊस झाला, उमापूरहून बैल परत आले. आता मामा गोठ्यात जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण मामांनी जाहीर केलं, “त्यो बोलला की जातो गोठ्यात. तवर न्हाई.”

त्या दिवाळीत मी भर दुपारी पोचलो. आतून मामांचा आवाज आला, “बोल की रं, का गप बसलास?” मी राम राम करत आत गेलो, तर मामा रानात गेलेले. घरात मामी आणि पोपट. माझ्यादेखत पोपट पुन्हा तेच बोलला, अगदी मामांच्या खाकरण्यासकट. मामीनं आधी दार लोटून घेतलं.

“नागपंचमीपास्नं बोलतोय,” ती हळूच म्हणाली. “मामाला सांगशील तर माजी आण हाय तुला. ह्यो बोलला म्हनलं की ते उद्यापास्नं गोठ्यात. मग मी कुनासंगं बोलू?”

संध्याकाळी अंगणात मामांच्या वहाणा वाजल्या, तशी तिनं भिजवलेली हरभऱ्याची डाळ पिंजऱ्यात टाकली. पोपटाचं तोंड खाण्यात गुंतलं. मामा खाली बसले आणि नेटानं शिकवू लागले. मी आण पाळली.

बऱ्याच वर्षांनी मामी आधी गेली. तिचं तेरावं झाल्यावर पुन्हा मामांना भेटायला गेलो. बैल केव्हाच विकले होते. मामा स्वयंपाकघराच्या दारात आले, भिजवलेल्या डाळीची मूठ त्यांनी पिंजऱ्यात टाकली आणि मगच खाली बसले. चुलीवर काही नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, “मामा, डाळ कशाला? बोलू द्या की त्याला.”

त्यांनी चुलीकडं बघितलं. “नगं,” म्हणाले. “बोलला तर मला हितनं उठावं लागंल.”